आधी स्वतःचं घर मोजा, मग सॉफ्टवेअर उघडा

एप्रिल-मे आला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इंटिरियर डिझाइनच्या छोट्या ऑफिसात इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ यायला लागतात, डोंबिवलीपासून खारघरपर्यंतची मुलं-मुली पाठवतात, आणि बऱ्याच जणांचं पहिलं पान सारखंच असतं, काळ्या मार्बलची लिव्हिंग रूम, सीलिंगला सोनेरी पट्टी लाइट आणि खिडकीबाहेर समुद्र. रेंडर (कॉम्प्युटरवर बनवलेली फोटोसारखी चित्रं) चांगले असतात, रात्र रात्र जागून केलेले असतात ते कळतं. पण समोर बसवून मी विचारते की ह्या सोफ्यामागची भिंत सहा इंची आहे का नऊ इंची, किंवा आठ बाय चारचा प्लाय लिफ्टमध्ये मावला नाही तर अकराव्या मजल्यावर कसा चढवणार, तिथे सगळे गप्प होतात. ह्यात मुलांचा दोष मला वाटत नाही. शिकताना सॉफ्टवेअर आधी येतं आणि घर नंतर, म्हणून असं होतं.

म्हणून हे लिहायला घेतलंय. मी सांगतेय ती पद्धत एकच आहे, तुम्ही राहता ते घर घ्या, मग तो वन बीएचके असो, चाळीतली खोली असो नाहीतर हॉस्टेलची रूम, आणि तीन महिने त्या एकाच घरावर काम करा, टेप लावण्यापासून छापलेल्या पानापर्यंत. पाच सॉफ्टवेअर अर्धवट येण्यापेक्षा एक घर शेवटपर्यंत नेता येणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे, आणि सॉफ्टवेअर त्या ओघात येतंच.

मोजमाप

पाच मीटरचा स्टीलचा टेप घ्या, लेझर मीटर मिळाला तर उत्तमच, पण टेपने मोजायची सवय आधी लागू दे. कागदावर हाताने खोलीचा ढोबळ प्लॅन काढा, आणि एका कोपऱ्यातून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने फिरत मापं लिहीत जा, म्हणजे काही सुटत नाही. लांबी-रुंदी सगळेच मोजतात. सुटतं ते पुढचं: खिडकीची सिल (खालची कड) जमिनीपासून किती, दरवाजाच्या चौकटीपासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत किती, कॉलम भिंतीतून किती बाहेर आलाय, बीम स्लॅबपासून किती खाली उतरलाय, स्विचबोर्ड कुठे, एसीचा पॉइंट कुठे, गॅसची पाइप कुठून येते, बाथरूमचा उंबरा किती उंच.

बीमबद्दल जरा जास्त सांगते कारण मला ते महाग पडलंय. सुरुवातीच्या वर्षांत खारघरच्या एका किचनमध्ये मी बीमचं माप घेतलंच नव्हतं, बिल्डरच्या प्लॅनवर विश्वास ठेवला, ओव्हरहेड कॅबिनेट बनून आलं आणि बीमला अडीच इंच अडलं. सुताराला तिथेच बसून ते कापावं लागलं, लॅमिनेट पुन्हा लागलं, दोन दिवस गेले आणि त्या घरातल्या काकूंना दोन दिवस जेवण बाहेरून मागवावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक खोलीची उंची मी किमान तीन जागी मोजते.

खोली काटकोनात आहे का तेही बघा. दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तर ठीक. दहा बाय बारा फुटाच्या खोलीचा कर्ण साधारण ४७६१ मिमी यायला हवा, पण जुन्या ठाण्यातल्या बिल्डिंगमध्ये एक कर्ण ४७४० आणि दुसरा ४७८० असं सर्रास निघतं, आणि अशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत वॉर्डरोब बसवला की एका बाजूला फट दिसणारच.

युनिटचा गोंधळ आत्ताच मिटवून टाका. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, क्लायंट बोलणार फुटात, आणि सुतार बोलणार फूट, इंच आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण तीन मिमी. एक फूट ३०४.८ मिमी. हे तोंडपाठ पाहिजे, साइटवर कोणी "दोन सूत कमी कर" म्हणालं तर मोबाइलमध्ये शोधत बसता येत नाही. आणि स्वतःची वीत किती इंचाची आहे ते एकदा मोजून ठेवा, दुकानात, लोकलमध्ये, कोणाच्या घरी गेल्यावर टेप न काढता अंदाज घेता येतो.

ऑटोकॅड: कमी कमांड, नीट लाइनवेट

ऑटोकॅड हे मापात ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. त्याचं स्टुडंट लायसन्स फुकट मिळतं, कॉलेजचा पुरावा द्यायचा, एक वर्षाचं असतं आणि शिकत असेपर्यंत रिन्यू होतं. त्यामुळे क्रॅक व्हर्जनच्या नादी लागू नका, व्हायरसने सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल गेलेली मी बघितलीय.

सुरुवातीला दहा-बारा कमांड पुरतात. लाइन, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, मिरर, कॉपी, मूव्ह, हॅच, डायमेन्शन, ब्लॉक. फिलेटची रेडियस शून्य ठेवली की दोन भिंतींचा कोपरा दोन क्लिकमध्ये जुळतो हे कोणीतरी मला पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. एफ८ने ऑर्थो (रेषा सरळ आडवी-उभी येते), एफ३ने ऑब्जेक्ट स्नॅप (रेषेचं टोक नेमकं पकडता येतं), ही दोन बटणं न बघता दाबता आली पाहिजेत. युनिट मिलिमीटर सेट करा, मग पहिली भिंत काढा. आणि सगळं एकास एक मापात काढायचं, स्केल फक्त छापताना, लेआउटच्या, म्हणजे छापायच्या पानाच्या, व्ह्यूपोर्टमध्ये (ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीत) द्यायचं.

आता लाइनवेट, म्हणजे रेषेची जाडी. इथे मी थांबणार आहे, कारण ड्रॉइंग "प्रोफेशनल" दिसणं म्हणजे काय असं विचारलं तर माझं उत्तर हेच आहे. प्लॅन म्हणजे घर साधारण चार फुटांवर आडवं कापून वरून बघणं. जे कापलं गेलं, म्हणजे भिंती आणि कॉलम, त्यांची रेषा सगळ्यात जाड, ०.५ मिमी. जे खाली दिसतंय, म्हणजे ओटा, बेड, टेबल, ते ०.२५. टाइल्सचे जॉइंट, लाकडाची ग्रेन (लाकडातल्या रेघा), हॅच (भाग भरायच्या बारीक रेघा), हे ०.१३. एवढ्या तीन जाडीत अख्खं ड्रॉइंग वाचता येतं, डोळा आपोआप आधी भिंतींवर जातो. पेनच्या जाड्या ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशा विचित्र का असतात माहितीये? प्रत्येक पुढची जाडी आधीच्या सुमारे १.४ पट आहे, आणि ए४ वरून ए३, ए३ वरून ए२ ला जाताना कागदाची बाजूही तेवढ्याच पटीने वाढते. म्हणजे ए३चं ड्रॉइंग ए२ वर मोठं केलं की ०.३५ची रेषा आपसूक ०.५ची होते.

ह्याच हिशोबाने स्केलही कळतं. १८ मिमीचा प्लाय १:५० ला, म्हणजे पन्नासपट लहान काढला की, कागदावर ०.३६ मिमी होतो. त्याच्या दोन कडा दाखवायला दोन रेषा काढल्या तर त्या एकमेकीत मिसळून काळा पट्टा होणार, म्हणून १:५० च्या प्लॅनवर प्लायची जाडी दाखवायच्या मागे लागू नका. तोच प्लाय १:५ ला ३.६ मिमी होतो, तिथे लॅमिनेट, एज बँडिंग (प्लायच्या कडेची पट्टी), हिंज सगळं दाखवता येतं. प्लॅन १:५० ला, एलिव्हेशन (भिंत समोरून) १:२० किंवा १:२५ ला, डिटेल (एखादा भाग मोठा करून) १:५ किंवा १:१० ला. साडेसात बाय सहा मीटरचं घर १:५० ला कागदावर १५० बाय १२० मिमी होतं, ए३ वर अगदी आरामात बसतं, बाजूला नोट्स लिहायला जागा उरते.

आणि एक विनंती, मनापासून. ऑटोकॅडच्या काळ्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट पोर्टफोलिओत लावू नका. कृपया. पीडीएफ प्लॉट करा. रेषा व्हेक्टर राहतात, कितीही झूम केलं तरी धारदार दिसतात.

हाताने आणि टॅबलेटवर

ड्रॉइंग टॅबलेट घेताना सगळे विचारतात की स्क्रीनवाला घेऊ का बिनस्क्रीनचा. बिनस्क्रीनचा छोटा, साधारण सहा बाय चार इंचाचा, वॅकॉम, ह्यूऑन, एक्सपी-पेन, कुठलाही चालेल. सुरुवातीला हात इथे आणि डोळे तिथे असं वाटतं आणि चिडचिड होते, रोज थोडा वेळ दिला तर हात बसतो. आयपॅड घरात असेल तर प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं ॲप छानच आहे, पण फक्त त्यासाठी आईवडिलांना खर्चात पाडू नका. लॅपटॉपवर क्रिटा फुकट आहे आणि पुरेसं आहे.

टॅबलेट लावल्यावर पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन टॅबलेट आणि स्क्रीनचं प्रमाण सारखं करा. हे केलं नाही तर तुम्ही गोल काढता आणि स्क्रीनवर अंडं येतं, आणि मुलांना वाटतं आपला हातच वाईट आहे.

प्रॅक्टिस म्हणून फोटोवर काढा. स्वतःच्या खोलीचा फोटो घ्या, खालच्या लेयरवर ठेवा, ओपॅसिटी तीस टक्के करा, वर नवीन लेयर घेऊन आधी फक्त मोठ्या कडा, जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या, मग फर्निचर, मग वस्तू. तिसऱ्या लेयरवर मल्टिप्लाय मोड लावून एकाच राखाडी रंगाने सावल्या. एवढंच. रंगात पडायच्या आधी अशी वीस तरी करा. पुढे स्केचअप ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या पांढऱ्या मॉडेलच्या स्क्रीनशॉटवर हेच करायचं, पर्स्पेक्टिव्ह सॉफ्टवेअर देतं आणि जीव तुमच्या हाताने येतो. क्लायंटसमोर पहिल्या मीटिंगला असं स्केच रेंडरपेक्षा जास्त कामाचं असतं, कारण रेंडर बघून माणसं कुशनच्या रंगावर बोलतात आणि स्केच बघून बसायच्या जागेवर बोलतात.

कागदाची वही सोडू नका. ट्रान्सहार्बरने ठाण्याहून वाशीला जाताना सीट मिळाली तर समोरच्या माणसाची बसण्याची रेषा काढा, गुडघा कुठे, पाठ कुठे टेकते. सीटची उंची ४५० मिमी का असते हे पुस्तकातून नाही, असं बघून कळतं. आणि एक रविवार सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला जा. चार्ल्स कोरिआंनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत आहे ती, सात-सात घरांचा गट आणि मधे साधारण आठ बाय आठ मीटरचं अंगण. प्लॉट अगदी लहान, ४५ ते ७५ चौरस मीटरचे, पण दोन घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, का तर ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. आणि लोकांनी वाढवलंय, काहींनी मूळ घर ओळखू येणार नाही इतकं बदललंय. माणसं जागेत काय काय भर घालतात हे बघायला ह्याच्यासारखी जागा जवळपास नाही. अंगणात उभं राहून स्केच करा, पण लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय आत डोकावू नका, फोटो काढू नका.

थ्रीडी

स्केचअपचं फुकट वेब व्हर्जन शिकायला चालतं, पण त्यात एक्स्टेन्शन (जादा टूल) आणि लेआउट (मॉडेलवरून ड्रॉइंगची पानं बनवायचा स्केचअपचा प्रोग्रॅम) मिळत नाही. ब्लेंडर पूर्ण फुकट आणि ताकदवान, फक्त शिकायला वेळ जास्त लागतो. ३डीएस मॅक्स शिकायचं असेल तर लक्षात ठेवा, ते फक्त विंडोजवर चालतं, मॅकबुक घेऊन बसलात तर अडचण. नवा लॅपटॉप घेणारच असाल तर १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बघा, पण पहिल्या वर्षात घरातला जुना चालतोय तर चालवा.

स्केचअपमध्ये पहिल्या दिवसापासून प्रत्येक वस्तू ग्रुप किंवा कंपोनंट करा. नाही केली तर टेबल जमिनीला चिकटतं आणि हलवायला गेलं की फरशी ताणली जाते. सारख्या वस्तू, म्हणजे चार खुर्च्या, सहा शटर (कपाटाची दारं), हे कंपोनंट, एकात बदल केला की सगळ्यांत होतो.

रेंडर खरा दिसत नाही त्याची कारणं मला तरी नेहमी तीच सापडतात. पहिलं, टेक्स्चरचा साइज. लॅमिनेटची शीट आठ बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२०, येते आणि ग्रेन सहसा लांबीत असते. टेक्स्चर त्याच मापाला लावलं की शटरवर ग्रेन खरी वाटते, आणि तीन मीटरच्या पॅनेलला जॉइंट कुठे येणार तेही तेव्हाच दिसतं. टाइल दोन बाय दोनची असेल तर दोन बाय दोनचीच दिसली पाहिजे. दुसरं, कॅमेरा. आपल्याकडच्या खोल्या लहान, म्हणून सगळं एका फ्रेममध्ये यावं म्हणून मुलं फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्याला दिसणारा कोन) नव्वद अंशांवर नेतात, मग दहा फुटांची खोली बँक्वेट हॉल दिसते आणि क्लायंट नंतर म्हणतो दाखवलं तसं झालं नाही. त्यापेक्षा कॅमेरा भिंतीच्या बाहेर न्या आणि सेक्शन प्लेनने (मॉडेल कापून दाखवायच्या टूलने) ती भिंत कापून टाका. डोळ्याची उंची दीड मीटरच्या आसपास, टू पॉइंट पर्स्पेक्टिव्ह, उभ्या रेषा उभ्याच.

तिसरं, सूर्य. स्केचअपमध्ये लोकेशन दिलं नाही तर फाइल बहुधा अमेरिकेतल्या बोल्डर गावावर असते, चाळीस अंश उत्तरेला, आणि तुम्ही त्या सावल्या घोडबंदर रोडच्या बाल्कनीत दाखवत असता. ठाणं साधारण १९.२ अंशावर आहे. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडून जातो, म्हणून "उत्तरेची खिडकी, ऊन येतच नाही" हे इथे पूर्ण खरं नाही. लोकेशन टाका, नॉर्थ नीट फिरवा, आणि मेच्या शेवटी दुपारी काय होतं ते बघा, एखाद्या पडद्याचा किंवा छज्जाचा निर्णय तिथेच होतो. लाइट लावताना आधी खिडकीचा उजेड, मग दिवे. घरातली पांढरी ट्यूब ६५०० केल्विनच्या आसपास असते, वॉर्म लाइट ३०००, दोन्ही एकाच खोलीत नकळत मिसळले की भिंत अर्धी निळी अर्धी पिवळी दिसते.

पोर्टफोलिओ

तीन-चार प्रोजेक्ट, सोळा ते वीस पानं, ए३ आडवं किंवा ए४ आडवं. ह्याहून जास्त कोणी बघत नाही, मी पण नाही, खरं सांगते. तुमचं ते मोजलेलं घर पहिलं लावा. त्यात काय काय हवं: आधीचे फोटो, मापांचा हाताने काढलेला कागद जसाच्या तसा स्कॅन करून (चहाचा डाग असला तरी राहू द्या), घरात नेमका त्रास काय आहे ते दोन ओळींत, म्हणजे "आजी हॉलमध्ये झोपतात आणि रात्री बाथरूमला जाताना वाटेत टेबल येतं" असं, "स्पेस ऑप्टिमायझेशन" असं नाही. मग दोन लेआउट जे करून बघितले आणि टाकून दिले, का टाकले त्यासकट. मग फायनल प्लॅन, एक सेक्शन (घर उभं कापून बाजूने), एक डिटेल, आणि रेंडर दोनच.

टाकून दिलेले लेआउट मुलं लपवतात. मला तर त्यातच माणूस कळतो. वॉर्डरोब ह्या भिंतीला लावला तर बेडच्या बाजूला फक्त दीड फूट राहतं म्हणून सोडला, एवढं एक वाक्य लिहिलेलं असलं तर मी त्या मुलाला फोन करते.

प्रामाणिकपणा अगदी साधा ठेवायचा. ग्रुपचं काम असेल तर तुम्ही काय केलंत ते लिहा. इंटर्नशिपच्या ऑफिसचं ड्रॉइंग असेल तर विचारून लावा, क्लायंटचं नाव आणि फ्लॅट नंबर काढून टाका. थ्रीडी वेअरहाउसची (तयार मॉडेलच्या ऑनलाइन लायब्ररीतली) खुर्ची ही तुमची डिझाइन नाही. एआयने बनवलेली इमेज असेल तर तसं खाली लिहा, आम्हाला कळतंच, आणि न लिहिता कळलं की बाकीच्या पानांवरचाही विश्वास जातो.

मांडणीसाठी इनडिझाइन येत असेल तर बेस्ट, नाहीतर कॅनव्हा, पॉवरपॉइंट काहीही. चारही बाजूंनी पंधरा मिमी समास, फॉन्ट दोनच, मराठीत कॅप्शन लिहायची असतील तर 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट वापरा, तो फुकट आहे आणि छोट्या साइजलाही स्वच्छ वाचता येतो. इमेज छापायला ए३ पूर्ण पानाची ३०० डीपीआयला ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागते. पण पीडीएफ दोन करा, एक छापायची जड, एक मेलची हलकी, दहा एमबीच्या आत, कारण पहिल्यांदा ती कोणीतरी मोबाइलवरच उघडणार आहे, बहुतेक साइटवर उभं राहून. म्हणून स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा, झूम न करता हेडिंग वाचता आलं पाहिजे. फाइलचं नाव तुमचं नाव आणि वर्ष, "फायनल फायनल नवीन" नको.

आणि पाठवायच्या आधी एक काम करा. डिटेल ड्रॉइंगची ए३ प्रिंट काढा, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे निघते, फक्त "फिट टू पेज" बंद करायला सांगा आणि प्रिंटवर पट्टी ठेवून स्केल तपासा. मग जवळपास जिथे फर्निचरचं काम चालू असेल तिथल्या सुतारमिस्त्रींना जेवणाच्या सुट्टीत दाखवा. "काका, हे बनवायचं असेल तर काय विचाराल?" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ते विचारतील, हँडल कुठल्या बाजूला, ग्रेन उभी का आडवी, मागे प्लाय किती मिमीचा, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) कापायची का वॉर्डरोब पुढे घ्यायचा. प्रत्येक प्रश्न म्हणजे ड्रॉइंगवर राहिलेली एक नोट. पेनाने तिथल्या तिथे लिहून घ्या, घरी येऊन ड्रॉइंग दुरुस्त करा, आणि खुणा केलेली ती प्रिंट पण स्कॅन करून दुरुस्त ड्रॉइंगच्या शेजारच्या पानावर लावा.